पितळेच्या पातेल्यातले दूध : दौलतगंज, पुणे आणि लहान मुलांच्या यकृतरोगाचा इतिहास

दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात उत्तरेतील मोठा मुलूख गमावल्यानंतर दौलतराव शिंद्यांनी १८१० साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस आपल्या सैन्याचा तळ दिला, आणि तात्पुरता म्हणून पडलेला हा तळ पुढे उठलाच नाही. राहुट्यांच्या जागी वाडे उभे राहिले, वाड्यांभोवती बाजार वसले आणि ‘लष्कर’ हेच त्या नव्या शहराचे नाव होऊन बसले. महाराज बाड्याच्या परिसरातील दौलतगंज ही याच लष्करातील जुनी वस्ती होय. सरदार आणि शिलेदार यांच्यामागोमाग कारकून, पुराणिक, वैद्य आणि शिक्षक अशी दक्षिणेतील मराठी कुटुंबे अशा वस्त्यांमधून स्थिरावली. भोवतालची भाषा हिंदी असली तरी त्यांच्या माजघरातील भाषा, सणवार, स्वयंपाक आणि फडताळातील भांडी ही दक्षिणेतलीच राहिली. या कुटुंबांच्या राजकीय इतिहासाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या स्वयंपाकघराचा, आणि त्या स्वयंपाकघरात वाढणाऱ्या तान्ह्या मुलांचा, इतिहास मात्र फारसा लिहिला गेलेला नाही. पुणे, लष्कर, इंदूर किंवा नागपूर अशा कोणत्याही शहरातील खाऊनपिऊन सुखी घरात विसाव्या शतकाच्या पहिल्या सात-आठ दशकांत मुलाला दुधाचे दात येण्याच्या सुमारास ज्या एका आजाराची धास्ती असे, तो आजार यकृताचा होता आणि त्याचा धागा थेट चुलीवरच्या पातेल्यापर्यंत जाऊन पोचतो.

हा आजार समजण्यासाठी आधी यकृतकाठिण्य, म्हणजे सर्वसाधारण बोलण्यात ज्याला ‘लिव्हर सिरोसिस’ म्हणतात तो विकार, नेमका काय आहे हे पाहावे लागते. यकृत हा उदरातील उजव्या बाजूचा, बरगड्यांच्या आड असणारा अवयव असून आतड्यांतून शोषले गेलेले अन्नरस घेऊन येणारे रक्त प्रवेशिनी नावाच्या मोठ्या शिरेतून प्रथम त्याच्यातूनच जाते. एखादे विष, विषाणू, साठलेली चरबी किंवा साठलेला धातू यांमुळे यकृताच्या पेशी पुन्हा पुन्हा मरू लागल्या, तर उरलेल्या पेशी वाढून ती जागा भरण्याचा प्रयत्न करतात. पण इजा थांबलीच नाही तर त्या अवयवातील काही विशिष्ट पेशी व्रण भरून काढणारे तंतू अखंड निर्माण करीत राहतात, आणि मऊ, एकसंध अशा अवयवाच्या जागी तंतूंच्या पट्ट्यांनी वेढलेल्या गाठींचा एक कठीण गोळा तयार होतो. अशा यकृतातून रक्त सहज वाहू शकत नाही. त्यामुळे प्रवेशिनी शिरेतील दाब वाढतो, उदरात पाणी साठते, प्लीहा मोठी होते, अन्ननलिकेच्या तळाशी फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होते, आणि पित्तातील रंगद्रव्य बाहेर न पडल्याने कावीळ दिसू लागते. रने लेनेक या फ्रेंच वैद्याने १८१९ साली या विकाराला आजचे नाव दिले. परंतु उदरात पाणी साठण्याची ही अंतिम अवस्था भारतीय वैद्यांच्या फार आधीपासून परिचयाची होती. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात उदररोगाचे आठ प्रकार सांगितले असून त्यांत जलोदराचा स्वतंत्र समावेश आहे, तर प्लीहा आणि यकृत यांच्या वाढीमुळे होणाऱ्या उदराचाही तेथे विचार झालेला आहे.

मद्यपान हे प्रौढांमधील यकृतकाठिण्याचे सर्वांत परिचित कारण असल्यामुळे हा रोग म्हणजे व्यसनाचे फळ, अशी समजूत समाजात खोलवर रुजली आणि ती रोग्याला व त्याच्या कुटुंबाला नेहमीच छळत आली आहे. ज्या घरात मद्याचा थेंबही शिवला जात नाही, अशा घरातील वर्षा-दीड वर्षाच्या बालकाचे यकृत त्याच रीतीने कठीण होऊ शकते, ही गोष्ट म्हणूनच वैद्यकालाही दीर्घकाळ कोड्यात टाकणारी ठरली. कलकत्त्यातील सेन नावाच्या डॉक्टरांनी १८८७ साली या बालरोगाकडे प्रथम लक्ष वेधले आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत गिबन्स या लष्करी वैद्यकीय अधिकाऱ्याने त्याचे अधिक तपशीलवार वर्णन केले. पुढे दक्षिणेतून, पंजाबातून आणि मुंबई इलाख्यातूनही असेच रुग्ण नोंदले जाऊ लागले, आणि हा रोग जवळजवळ केवळ भारतातच दिसतो असे वाटल्यामुळे त्याला ‘भारतीय बालयकृतकाठिण्य’ असे नाव मिळाले. इंग्रजी ग्रंथांत ते ‘इंडियन चाइल्डहूड सिरोसिस’ म्हणून आढळते.

रोगाचे चित्र बहुधा ठरलेले असे. सहा महिने ते तीन-चार वर्षे या वयातील, एरवी चांगले बाळसे धरलेले मूल हळूहळू किरकिरे होई, त्याला बारीक ताप राही, त्याची भूक विचित्र होई आणि पोट पुढे येऊ लागे. डॉक्टरांनी पोट चाचपले की बरगड्यांच्या खाली उतरलेल्या यकृताची कड हाताला पात्यासारखी धारदार आणि टणक लागे. घरातल्या माणसांच्या बोलण्यात मग ‘बाळाला लिव्हर झाली’ एवढेच येई, आणि ते ऐकणाऱ्याला पुढचे सांगावे लागत नसे. कावीळ दिसू लागली आणि पोटात पाणी झाले, की काही आठवड्यांत किंवा काही महिन्यांत मूल दगावे. एकाच घरात पाठोपाठच्या दोन-तीन भावंडांचा याच रीतीने अंत झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात वारंवार आढळतात. अशा घरातील मातेवर काय ओढवत असेल, हे त्या नोंदींच्या कोरड्या भाषेतूनही लपत नाही. कुळाला दोष, पूर्वजांचा शाप, आईच्या अंगावरचे वाईट दूध, अशी कारणे शोधली गेली आणि त्यांतील शेवटच्या कारणाचा परिणाम सर्वांत घातक झाला, कारण आईचे दूध दोषी ठरवून ते तोडले की मुलाला वरच्या दुधावाचून गत्यंतर उरत नसे.

उपचार म्हणून जे हाताशी होते ते सर्व करून पाहिले गेले. घरोघरी बाळगुटी उगाळली जाई. मद्रासच्या जम्मी वैद्यांचे ‘लिव्हर क्युअर’ देशभर मागवले जाई. १९५५ नंतर ‘लिव्ह-५२’ या गोळ्या आणि थेंब औषधांच्या दुकानांतून मिळू लागले. लष्करातील कुटुंबांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जयाजीराव शिंद्यांच्या नावाने उभारलेल्या जयारोग्य रुग्णालयाचा आधार होता, आणि १९४६ साली तेथेच गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यावर मध्य भारतातील या भागाला अद्ययावत वैद्यकीय शिक्षणाचे केंद्रही लाभले. तथापि ज्या रोगाचे कारणच अज्ञात होते, त्याच्यापुढे काढा, गोळी आणि रुग्णालय या सर्वांचीच शक्ती सारखी अपुरी होती.

या रोगाची सामाजिक वाटणी मात्र विलक्षण सूचक होती, आणि तिच्यातच उत्तर दडलेले होते असे आता मागे वळून पाहता म्हणता येते. तो अगदी गरिबांच्या झोपडीत क्वचित आढळे. खेड्यांतील आणि लहान शहरांतील मध्यम स्थितीच्या हिंदू कुटुंबांत तो अधिक दिसे. मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबांत त्याचे प्रमाण कमी असे. मुलींपेक्षा मुलगे अधिक संख्येने आजारी पडत. कुपोषणाने होणारे रोग नेहमी दारिद्र्याच्या वाटेने जातात. हा रोग त्याच्या उलट वाटेने, घरची गाय-म्हैस किंवा दुधाचा रतीब असणाऱ्या, मुलाला भरपूर दूध पाजू शकणाऱ्या घरात शिरत होता. आनुवंशिकता, विषाणू, जीवनसत्त्वांची उणीव, बुरशीपासून निर्माण होणारे विष अशी निरनिराळी अनुमाने त्यामुळे मांडली गेली, आणि प्रत्येक अनुमानाला थोडाफार आधार मिळत गेला, पण कोणतेच पुरे पडले नाही.

येथे मराठी घरातील भांड्यांकडे वळणे आवश्यक आहे. तांबे आणि जस्त यांच्या मिश्रणाने पितळ होते, तर तांबे आणि कथील यांच्या मिश्रणाने कासे. आणि स्टेनलेस स्टील येईपर्यंत सुस्थितीतील घरातील हंडा, कळशी, घागर, बंब, पातेले, तपेली, चरवी, परात, तांब्या ही सारी भांडी तांब्यापितळेचीच असत. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी पेशवाईपासून ही भांडी घडवीत आली, नाशिक आणि भंडारा ही गावे पितळी भांड्यांसाठी नावाजली गेली, आणि लग्नात मुलीला दिलेली भांडी तिच्यासोबत दूरदेशी सासरी जात असल्यामुळे लष्करासारख्या उत्तरेतील वसाहतीतही हीच परंपरा टिकून राहिली. चांदीची भांडी थोड्यांना परवडत, मातीची भांडी रोजच्या दुधाच्या उपयोगाला टिकत नसत. पितळ हे म्हणूनच मध्यमवर्गाच्या प्रतिष्ठेचे आणि सोयीचे, दोन्ही एकदम होते.

पितळेत आंबट पदार्थ ठेवू नये, हे या घरांतील प्रत्येक स्त्रीला ठाऊक होते. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक, चिंचेची आमटी किंवा कोकमाचे सार राहिले की ते कळकते, म्हणजे त्याला हिरवट झाक आणि जिभेला नकोशी वाटणारी चव येते, आणि असा पदार्थ खाल्ल्यास मळमळ व उलटी होते, हा अनुभव पिढ्यान्पिढ्यांचा होता. म्हणूनच दारावर येणाऱ्या कल्हईवाल्याला घरात मान असे; तो अंगणात खड्डा करून भाता लावी, भांडे निखाऱ्यावर तापवून त्यात नवसागर टाकी, कथिलाची कांडी फिरवी आणि कापडाच्या बोळ्याने ते कथील भांड्याच्या आतून सर्वत्र पसरवी, की क्षणार्धात पिवळ्या धातूवर रुपेरी थर चढे. हा थर तांब्याला अन्नापासून दूर ठेवीत असे. परंतु रोजच्या राखेने, मातीने आणि नारळाच्या काथ्याने घासल्या जाणाऱ्या भांड्यावरील कथिलाचा थर फार दिवस टिकत नाही; दोन कल्हयांमधील काळात तळाशी पितळ उघडे पडत असे, आणि काही भांड्यांना, विशेषतः ज्यांत आंबट पदार्थ जाणार नाही अशी खात्री असे त्यांना, कल्हई करण्याची तितकीशी तातडी वाटत नसे. दूध आंबट नसते. त्यामुळे ते पितळेत तापवले, सायीसाठी तासन्‌तास तसेच राहू दिले आणि पुन्हा तापवले, तरी त्याचा रंग बदलत नाही, वास बदलत नाही आणि चवही बदलत नाही. कळकण्याच्या अनुभवातून आलेले शहाणपण या एका पदार्थाच्या बाबतीत उपयोगी पडले नाही, आणि घरातील सर्वांत दुर्बल जिवाच्या वाट्याला नेमका हाच पदार्थ येत होता. बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने बाळाला पाजले जाणारे गाईचे दूध बहुधा याच पातेल्यातून घेतलेले असे.

दुधाचे हे अदृश्य वागणे रसायनशास्त्राने नंतर स्पष्ट केले. दुधातील मुख्य प्रथिन, केसीन, हे भांड्याच्या पृष्ठभागावरील तांबे ओढून घेऊन स्वतःशी बांधून ठेवते, असे ओनील आणि टॅनर यांनी १९८९ साली पितळी भांड्यांतील गाईच्या दुधावर केलेल्या अभ्यासात दाखवले. मोठ्या माणसाला याचा फारसा उपद्रव होत नाही, कारण जास्तीचे तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. तान्ह्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. गर्भावस्थेच्या अखेरच्या महिन्यांत अर्भकाच्या यकृतात तांब्याचा मोठा साठा आधीच होत असतो, जन्मानंतरही काही काळ पित्तावाटे तांबे टाकण्याची क्षमता अपक्व राहते, आणि या अवस्थेला साजेसेच आईच्या दुधातील तांबे अत्यल्प असते. त्या दुधाच्या जागी तांबे मुरलेले दूध गेले तर त्याची विल्हेवाट लावण्याचे साधन बाळाजवळ पुरेसे नसते.

या निष्कर्षापर्यंत पोचण्याचा मार्ग मुख्यतः पुण्यातून गेला. रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ आनंद पंडित आणि शीला भावे, आणि त्यांच्यासोबत काम करणारे इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर, यांच्या सहकार्याने सुमारे दीड दशक हे संशोधन चालले. १९७८ साली लंडनमधील पोर्टमन, टॅनर, मोवॅट आणि विल्यम्स यांनी या रुग्ण बालकांच्या यकृताच्या तुकड्यांत ऑर्सीन या रंगाने गडद होणारे कण आढळल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले, हे कण म्हणजे तांब्याशी जोडलेले प्रथिन होते. १९७९ साली पंडित यांचा सहभाग असलेल्या गटाने प्रत्यक्ष तांब्याचे प्रमाण मोजून ते कित्येक पटींनी वाढलेले असल्याचे दाखवले, आणि १९८३ साली टॅनर, कंटारजियन, भावे आणि पंडित यांनी याच नियतकालिकात थेट प्रश्न उपस्थित केला की फार लवकर सुरू केलेले, तांबे मिसळलेले जनावराचे दूध हेच या रोगाचे कारण असू शकेल काय. १९८७ साली रुग्ण मुलांच्या आणि त्यांच्या जोडीला घेतलेल्या निरोगी मुलांच्या आहाराचा इतिहास भावे, पंडित आणि टॅनर यांनी ताडून पाहिला, तेव्हा पितळी किंवा तांब्याच्या भांड्यातील दूध आणि लवकर तुटलेले स्तनपान या दोन गोष्टींमुळे दोन गटांत स्पष्ट अंतर पडल्याचे दिसून आले. ज्या शहराची तांबट आळी शतकानुशतके पितळ घडवीत आली, त्याच शहरातील, तेथून फार दूर नसलेल्या रुग्णालयात हा शोध लागावा, याची नोंद शहराच्या इतिहासकारांनी अवश्य घ्यायला हवी.

उपचाराचा मार्गही याच दिशेने सापडला. विल्सनचा रोग, म्हणजे जन्मजात दोषामुळे शरीरात तांबे साठण्याचा विकार, यासाठी जॉन वॉल्श यांनी १९५६ साली पेनिसिलामीन हे तांबे बांधून लघवीवाटे बाहेर काढणारे औषध वापरात आणले होते. पुण्यातील गटाने ते बालयकृतकाठिण्यात वापरून १९८७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले: रोग फार पुढे गेला नसेल तर औषध घेतलेली मुले वाचण्याची शक्यता लक्षणीय वाढते. १९९६ साली बावडेकर आणि सहकाऱ्यांनी अशी मुले दीर्घकाळ जगल्याचे आणि त्यांतील काहींच्या यकृताचे चित्र सुधारल्याचे दाखवले. ज्या रोगात निदान म्हणजे मृत्यूची सूचना होती, त्याच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट होती. परंतु त्याहूनही महत्त्वाचे काम प्रतिबंधाचे होते. पितळी भांडे बाजूला ठेवा आणि आईचे दूध तोडू नका, हा साधा सल्ला कुटुंबांपर्यंत पोचवण्याचा आणि त्याचा परिणाम पाहण्याचा पुण्यातील प्रयत्न १९९२ साली वैद्यकीय नियतकालिकातून मांडला गेला.

तोवर बाजारानेही आपले काम केले होते. स्टेनलेस स्टीलची भांडी शहरांत आधी आणि खेड्यांत नंतर अशी पसरत गेली. त्यांना कल्हई लागत नाही आणि ती कळकत नाहीत, म्हणून गृहिणींनी ती उत्साहाने स्वीकारली, जुने पितळ मोडीत घालून त्यांची खरेदी केली, आणि एका पिढीच्या आत कल्हईवाला दारावरून नाहीसा झाला. बालयकृतकाठिण्यही त्याच सुमारास विरळ होत गेले आणि गेल्या शतकाच्या अखेरीस ते जवळपास दिसेनासे झाले. एखादा रोग त्याच्यावर लस किंवा देशव्यापी मोहीम न येता, केवळ भांडी बदलल्याने आणि अन्न देण्याची रीत बदलल्याने ओसरावा, हे वैद्यकाच्या इतिहासातील दुर्मीळ उदाहरण आहे. त्याचे दुसरे उदाहरण ऑस्ट्रियातील टिरोल प्रदेशात सापडते. तेथे १९०० ते १९७४ या काळात १३८ लहान मुलांना अगदी असाच यकृतरोग झाल्याचे म्युलर आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवले. कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात शिजवलेले गाईचे दूध या मुलांना पाजले जात असे, आणि ती भांडी गेली तेव्हा रोगही गेला. जर्मनीत आम्लधर्मी विहिरीचे पाणी तांब्याच्या नळांतून येत असे, आणि त्या पाण्यात दुधाची भुकटी कालवून पाजलेल्या काही अर्भकांत अशाच विकाराची नोंद झाली. भारतीय म्हणून ओळखला गेलेला हा रोग अशा रीतीने भारतीय वंशाचा नसून तांब्यात तापलेल्या किंवा तांब्यातून आलेल्या बालअन्नाचा असल्याचे स्पष्ट होत गेले.

सर्व तज्ज्ञांनी हे कारण जसेच्या तसे मान्य केले असे मात्र नाही. पितळी पातेल्यात तापवलेले दूध लाखो मुलांनी प्यायले आणि त्यांतील थोडीच आजारी पडली, ही अडचण खरी आहे. टिरोलमधील कुटुंबांतही आनुवंशिक प्रवृत्तीचे संकेत मिळाले, आणि एन. सी. नायक व ए. आर. चितळे यांनी २०१३ साली यकृतातील तांबे हे रोगाचे मूळ नसून त्याचा परिणाम असू शकतो अशी भूमिका सविस्तर मांडली. उपलब्ध पुराव्याचे वजन पाहता, ज्या मुलांत तांबे सहन करण्याची क्षमता जन्मतःच कमी होती, त्यांच्यावर भांड्यातील तांब्याने आघात केला, ही सांगड सर्वांत समाधानकारक वाटते. एकाच घरातील भावंडे पाठोपाठ का जात आणि शेजारच्या घरातील मुले तेच दूध पिऊन का वाचत, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर तिच्यात मिळते. आईच्या दुधावरील आरोप मात्र पूर्णपणे चुकीचा होता, आणि तो केल्यामुळे किती मुलांचे संरक्षण काढून घेतले गेले असेल याचा विचार मन विषण्ण करतो.

प्रौढांच्या यकृतकाठिण्याची कारणे आज वेगळी आहेत. मद्याखेरीज हिपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू, आणि लठ्ठपणा व मधुमेह यांसोबत येणारे चरबीयुक्त यकृत, ही त्यांतील प्रमुख होत. २०१८ साली भारत सरकारने विषाणूजन्य कावीळ नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि हिपॅटायटिस बीची लस आता नवजात बालकांना सरकारी लसीकरणातच मिळते. या कारणांशी पातेल्याचा काही संबंध नाही.

अलीकडे तांब्यापितळेची भांडी पुन्हा घरात येऊ लागली आहेत. तांब्याच्या बाटलीतील पाणी आरोग्यदायी म्हणून विकले जाते आणि जुन्या पितळी पातेल्यांना शोभेबरोबरच वापराचेही मोल आले आहे. मोठ्या माणसांनी त्यांतून पाणी पिण्यास फारशी हरकत नाही, कारण निरोगी यकृत जास्तीचे तांबे बाहेर टाकते. तान्ह्या मुलाचे दूध मात्र तांब्याच्या किंवा पितळेच्या भांड्यात तापवू नये, त्यात साठवू नये आणि तशा भांड्यातील पाण्यात बाळाच्या दुधाची भुकटी कालवू नये. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचेच दूध द्यावे, आणि घरातील आजीने हौसेने काढलेले जुने पातेले कितीही लखलखीत असले तरी बाळाच्या दुधासाठी स्टीलचेच भांडे घ्यावे.